आईचं पान आणि मर्लचं वावर

मर्ल पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी विकायला आलाय. टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली, बुटांना पांढरी माती, आणि दार सताड उघडं असून गडी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकेना. आम्हाला हर्नडन शहरातून पेनसिल्व्हेनियात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कोविडनंतर कंपनीने कायमचं घरून काम करायची मुभा दिली आणि ज्याने उभ्या आयुष्यात कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलं नव्हतं, अशा मी, नागपूरच्या अवधूतने, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून पाऊण तासावर एक जुनं घर आणि अडतीस एकर जमीन घेऊन टाकली. माझ्या बायकोच्या, म्हणजे आश्लेषाच्या मते तो माझा पन्नाशीतला झटका होता. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"माझं नाव मर्ल," तो म्हणाला. "तुमची परवानगी असेल तर मला तुमच्या जमिनीवर हरणाची शिकार करायची आहे."

आम्ही दोघंही शाकाहारी. आश्लेषा तर कोळंबीचा वास आला तरी खिडक्या उघडते. मी आपलं ठेवणीतलं "विचार करून सांगतो" त्याच्या तोंडावर फेकलं आणि दार लावून घेतलं. विचार वगैरे काही करणार नव्हतो. दोन दिवसांनी टपाल टाकायला येणाऱ्या बाईंकडून कळलं, की ही जमीन मर्लच्या बापाची. ज्या खोलीत मी लॅपटॉप मांडून बसलो होतो त्या खोलीत तो जन्मला होता. थोरल्या भावाने परस्पर शेत विकलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून जो जो नवा मालक आला, त्याच्या दारात मर्ल दर वर्षी टोपी काढून उभा राहिला होता. मी चौथा मालक. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याच संध्याकाळी गाडी काढून त्याच्या घरी गेलो आणि खुशाल ये म्हणून सांगितलं. माणसाला लाजेपोटी दिलेली परवानगी मनापासून दिल्यासारखी वाटते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मर्ल तेव्हा पंचाहत्तरीला आलेला. अडतीस वर्षं चुनखडीच्या खाणीत काम केलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी डार्लीन ओहायोत. उंच, खांद्यात वाकलेला, आणि बोलण्याआधी इतका वेळ घ्यायचा, की झूम मीटिंगमध्ये असता तर लोकांनी त्याला म्यूटवर आहेस म्हणून सांगितलं असतं. हिवाळाभर तो एका हरणाचं मांस पुरवून खायचा आणि उरलेलं चर्चच्या शिधावाटपात द्यायचा. चाळीस वर्षं तो गावात हंटर सेफ्टीचा कोर्स शिकवत होता. बारा वर्षांच्या मुलापासून सगळे त्याच्याकडून बंदूक कशी धरायची, आणि त्याहून जास्त म्हणजे कधी धरायची नाही, ते शिकायचे. गावच्या शिकारी क्लबच्या भिंतीवर शिक्षकांच्या पाटीवर त्याचं नाव सगळ्यात वर होतं. त्या खोऱ्यात मर्लने सांगितलं म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे.

परवानगी दिल्यावर माझी समजूत होती, की तो नोव्हेंबरात येईल, ठो करेल आणि जाईल. तो एप्रिलमध्येच आला, हातात प्लास्टिकची पिशवी आणि खुरपं घेऊन. जंगलाच्या कडेला दोन एकरांचा मोकळा तुकडा होता. तिथली माती त्याने दहा जागांहून काढून पिशवीत घातली, तपासायला पाठवली आणि महिन्याने कागद माझ्यापुढे धरला. सामू, म्हणजे पीएच, साडेपाच. आंबट जमीन, इथे काही धरणार नाही, म्हणाला. मग त्याच्या जुन्या ट्रॅक्टरने आम्ही चुना पसरला. त्यानंतर दर वर्षी तेच. उन्हाळ्यात तण मारायचं, ऑगस्टमध्ये डिस्क फिरवून माती भुसभुशीत करायची, पावसाचा अंदाज बघून पेरायचं. क्लोव्हर, म्हणजे आपल्याकडच्या बरसीमचा भाऊबंद, शिवाय ओट्स, सलगम आणि हे लांबच लांब मुळे. हरणांना चरायला म्हणून केलेल्या अशा शेताला इथे फूड प्लॉट म्हणतात. मी त्याला वावर म्हणायला लागलो आणि वर्षाभरात मर्लही वावरच म्हणायला लागला.

मला त्या वावराचं वेड लागलं हे कबूल करतो. सकाळी ऑफिसचा स्टँडअप कॉल संपला की मी तिकडे पळायचो. आश्लेषा मुळ्याचा पाला खुडून आणायची आणि डाळ घालून भाजी करायची. हरणांच्या तोंडचा घास काढून आपण खातोय, असं ती हसत म्हणायची. ती हरणं कशासाठी पोसली जातायत, हा विषय आम्ही दोघंही जेवताना काढत नसू. नोव्हेंबर संपताना दोन आठवडे आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. मर्ल एक हरीण मारायचा, एकच. आम्ही त्याचं अभिनंदन करायचो आणि ट्रकच्या मागे काय आहे ते बघायचो नाही. आमचा शाकाहार असा सोयीचा होता.

पहिल्याच वर्षी मी एक मूर्खपणा केला होता. पेरणीला उशीर झाला, सलगम फारसं उगवलं नाही, म्हणून दुकानातून मक्याचं पोतं आणून वावराच्या कडेला ओतायला निघालो. मर्लने माझा हात धरला. एवढ्या वर्षांत त्याने मला हात लावला तो तेवढाच.

"उगवलेलं चालतं," तो म्हणाला. "आणून टाकलेलं चालत नाही. एक दाणासुद्धा नाही. टाकलंस तर ते उचलल्यापासून तीस दिवस इथे कोणाला शिकार करता येत नाही. कायदा आहे."

मी इंजिनियर असल्यामुळे वाद घातलाच. "मर्ल, आपण सलगम पेरतो ते त्यांनी यावं म्हणूनच ना? मग फरक काय?"

त्याने नेहमीसारखा वेळ घेतला. "वावरात हरीण आपलं पोट आपण भरत असतं. ढीग घातलास की तू त्याला जेवायला बोलावलंस. जेवायला बोलावून मारायचं नसतं."

तेव्हापासून शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो न चुकता दारात यायचा. टोपी हातात. परवानगी नव्याने मागायचा, आदल्या वर्षीची धरायचा नाही. मी हो म्हटलं की एकच प्रश्न विचारायचा: वावर साफ आहे? मी म्हणायचो, साफ आहे. मग तो चहा घ्यायला आत यायचा. आल्याचा चहा त्याला आवडायला लागला होता.

माझ्या बाजूने मी त्याला काय दिलं, तर एक काम. बारा वर्षं रांगेत काढून मला ग्रीन कार्ड मिळालं होतं आणि आता नागरिकत्वाचा अर्ज केला होता. त्या मुलाखतीत अमेरिकेच्या इतिहासावर, राज्यघटनेवर प्रश्न विचारतात. मर्लने त्या प्रश्नांचं पुस्तक माझ्याकडून मागून घेतलं आणि पेरताना, चुना पसरताना, कुंपणाची तार ओढताना तो मला प्रश्न घालायचा. घटनेत किती दुरुस्त्या? सत्तावीस. सिनेटर किती वर्षांसाठी? सहा. माझं उत्तर बरोबर आलं की तो नुसती मान हलवायचा, पण ट्रॅक्टर चालवताना शीळ घालायला लागायचा. मुलाखतीचं पत्र आलं, जानेवारीतली तारीख होती. त्याने ती स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात मर्लला ऑक्सिजन लागला. खाणीची धूळ बरीच वर्षं आतल्या आत फुफ्फुसं खातच होती. ऑगस्टमध्ये तो ट्रकमध्ये बसून राहिला, नाकात नळी, आणि मी एकट्याने डिस्क फिरवली. सरी वाकडी गेली की तो हॉर्न वाजवायचा. पेरून झाल्यावर मी घामाघूम होऊन त्याच्या खिडकीशी गेलो.

"ही शेवटची पेरणी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो वसंत दिसेल, नाही दिसणार, काही सांगता येत नाही. मला एकच करायचंय. सीझनच्या पहिल्या दिवशी सकाळी एकदा तिथे बसायचंय, बापाच्या कुंपणापाशी. फाटक्या कानाचा आला तर बरंच."

फाटक्या कानाचा म्हणजे एक मोठा नर. आम्ही झाडावर लावलेल्या कॅमेऱ्यात तो तीन वर्षांपासून दिसत होता. दोन वर्षं तो मर्लच्या टप्प्यात येऊन गेला होता आणि मर्लने त्याला अजून वाढू दे म्हणून जाऊ दिलं होतं. मी सप्टेंबरात जुनं उंच मचाण काढलं आणि चार पायऱ्यांचं, कठडा असलेलं नवं बांधलं. फळ्या रंधून घेतल्या. आयुष्यात माझ्या हाताने इतकं नीट काही झालं नव्हतं.

आता आईचं सांगायला हवं. ती पाच वर्षांपूर्वी कोविडमध्ये गेली. माझा पासपोर्ट तेव्हा कागदपत्रांसाठी अडकलेला, विमानं बंद. शेवटच्या आठवड्यात ती व्हिडिओवर फक्त "ये" म्हणायची. मी "निघतोच आहे" म्हणायचो. निघत वगैरे कुठेच नव्हतो. तिची तिथी मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी. मी देवाधर्माचा नाही, पण ते श्राद्ध मी एकदाही चुकवलं नाही. आणि पाच वर्षांत कावळा एकदाही शिवला नव्हता. घराच्या डेकवर पान ठेवलं की पहिल्या वर्षी खारीने खाल्लं, दुसऱ्या वर्षी रकूनने, एकदा शेजारच्या कुत्र्याने. एकदा तर बर्फच पडला. आश्लेषा म्हणायची, त्यांचंही पोट आहे. मला मात्र दर वर्षी वाटायचं, आई रुसलीय आणि तिचं रुसणं अगदी रास्त आहे.

गेल्या वर्षी अष्टमी आली ती थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. शनिवारी सीझन सुरू होणार होता. आश्लेषाने सकाळपासून खपून सगळं केलं: भात, वरण, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी, खीर. मी पान वाढून घेतलं आणि बूट घालायला लागलो.

"कुठे चाललास ते घेऊन?" तिने विचारलं.

"वावराकडे. दुपारी तिथे ओकवर कावळे बसतात. वीस-पंचवीस असतात."

"अरे, उद्या सीझन ओपन होतोय. मर्लनी किती वेळा सांगितलंय काही टाकायचं नाही म्हणून. डेकवर ठेव ना यार."

"मी हरणांसाठी नाही ठेवत आहे. आईसाठी ठेवतोय."

"ते हरणांना कोण सांगणार?"

मला राग आला. तिचं बरोबर असलं की मला हमखास येतो. मी पान उचलून बाहेर पडलो. वावराच्या कडेला एक बुंधा आहे, त्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि पंधरा पावलं मागे जाऊन उभा राहिलो. कावळे होते. ओकच्या उघड्या फांद्यांवर ओळीने बसले होते आणि ओरडत होते. मी दोन तास उभा होतो. मनात येईल ते सगळं कबूल करून पाहिलं. पुढच्या वर्षी नागपूरला येईन, घर विकणार नाही, काकूंना फोन करीन. एकही खाली उतरला नाही. पाय गारठून लाकूड झाले तेव्हा मी घरी आलो. पान तिथेच राहिलं. कावळा शिवला नसताना ते उचलायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

चार वाजता मर्ल आला. आता दारात उभं राहायलाही त्याला चौकटीला धरावं लागत होतं, पण टोपी त्याने काढलीच. परवानगी मागितली. मी दिली. मग त्याने विचारलं, "वावर साफ आहे?"

मी म्हणालो, "साफ आहे."

हे मी का म्हणालो याचा विचार मी त्यानंतर इतक्या वेळा केलाय, की खरं कारण कोणतं आणि नंतर शोधलेलं कोणतं हे मलाच सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर त्याने टोपी घातली असती आणि तो घरी गेला असता. पान तेव्हाच उचलूनही उपयोग नव्हता. तीस दिवसांत सीझन संपतो, आणि मर्लकडे पुढचा सीझन नव्हता. म्हणजे मी त्याच्यावर दया केली असं म्हणता येईल. पण मला ते म्हणवत नाही, कारण त्या क्षणी माझ्या मनात दया नव्हती. त्या म्हाताऱ्यासमोर मूर्ख ठरायची लाज होती, बस. तो चहा घेत बसला तोवर अंधार पडला. मग मी स्वतःला सांगितलं, रात्री रकून खाऊन टाकेल, सकाळपर्यंत काही उरणार नाही.

शनिवारी उजाडायच्या आधी मी त्याला मचाणापर्यंत नेलं. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज होतो म्हणून त्याने ते ट्रकमध्येच ठेवलं. त्याला एकट्याला सोडवेना म्हणून मी शेजारी बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा. त्याचा श्वास मोजून घेतल्यासारखा येत होता. उजाडायला लागलं, सलगमाच्या पानांवरचं दहिवर दिसायला लागलं आणि मी पहिली नजर बुंध्याकडे टाकली. पान होतं. मर्लचे डोळे आता तितके लांबचं पाहत नव्हते.

फाटक्या कानाचा सव्वासातला आला. वावरात शिरलाच नाही. कडेकडेने थेट बुंध्याशी गेला, थांबला, हुंगलं आणि मान खाली घातली.

मर्लने अगदी हळू बंदूक उचलली. मला नुसतं खोकायचं होतं. एकदा खोकलो असतो तर ते हरीण शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत जंगलात गेलं असतं, मर्लचं नाव राहिलं असतं, आणि त्याने मला शिव्या दिल्या असत्या त्या मी आनंदाने खाल्ल्या असत्या. मी शेजारी पाहिलं. त्याचा आठवडाभर चहाचा कप धरताना थरथरत असलेला हात आता स्थिर होता आणि चेहऱ्यावर एक तरणेपण आलं होतं. मी खोकलो नाही. आमच्यात शत्रूलाही जेवत्या पानावरून उठवत नाहीत. मी माझ्या आईच्या पानावर जेवणारा जीव डोळ्यांदेखत मारू दिला.

गोळी सुटली आणि फाटक्या कानाचा जागच्या जागी पडला. मर्लला तिथपर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागली, दर पाच पावलांवर थांबत. जवळ जाऊन तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. हरणाच्या काळ्या नाकावर भाताची शितं चिकटली होती. ओठांना खीर लागली होती. बुंध्यावर पत्रावळ फाटून पडली होती आणि एक वडा अर्धा उरला होता.

मर्लने नाकाकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?"

"कालपासूनच. एकदाच. माझी आई..." मी जमेल तसं सांगितलं. तिथी, कावळे, सगळं. इंग्रजीत ते सगळं वेडगळ वाटत होतं.

"काल मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने खिशातून शिकारीच्या नोंदीचा कागद काढला, नियमाप्रमाणे भरला, हरणाच्या कानाला बांधला. मग म्हणाला, घरी जाऊन शिकार खात्याच्या वॉर्डनला फोन कर. मी नको म्हणालो. हात जोडले. पत्रावळ आपण पुरून टाकू, कोणाला कळणार नाही, असं मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं.

"मला कळलंय," मर्ल म्हणाला.

तासाभरात वॉर्डन आली. तिशीतली मुलगी. मर्लकडेच बाराव्या वर्षी तिने कोर्स केलेला. ती त्याला सर म्हणत होती. तिने फोटो काढले, पत्रावळ पिशवीत घातली, वडा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हे इथे कोणी ठेवलं?

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"मी," मर्ल म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. वडा कोणाच्या घरचा हे कळायला वॉर्डन असायची गरज नव्हती. तिने पुन्हा विचारलं, "सर, नक्की तुम्हीच?"

"मीच. म्हातारपणी बुद्धी फिरते. लिही तू."

तिने लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. माझं तोंड कधी मिटलं ते मला आठवत नाही. ती हरीण घेऊन गेली. मर्लचं हिवाळ्याचं मांसही गेलं. मी त्याला ट्रकमध्ये बसवलं, नळी नाकाला लावून दिली. खूप वेळाने त्याचा श्वास ताळ्यावर आला.

"तुझी तारीख जानेवारीत आहे," तो म्हणाला. "त्या फॉर्मवर विचारतात, कधी काही गुन्हा, दंड. मी वाचलंय तुझं पुस्तक. मला कुठे पुढच्या वर्षी शिकारीचं लायसन्स लागणार आहे?"

मी रडत होतो. तो समोरच्या काचेतून वावराकडे पाहत होता. मग त्याने विचारलं, "तुझ्या आईपर्यंत पोहोचलं का ते?"



गावात आठवड्याभरात पसरलं. दंड त्याने भरला, मला भरू दिला नाही. शिक्षकाचा बिल्ला स्वतः जाऊन क्लबला परत दिला. पाटीवरचं त्याचं नाव त्यांनी काढलं. नियमच तसा होता. नाश्त्याला तो ज्या टेबलावर वर्षानुवर्षं बसायचा, तिथली माणसं त्याला पाहून सरकून जागा द्यायची, पण बोलणं थांबायचं. हे त्याने मला सांगितलं नाही, टपालवाल्या बाईंनी सांगितलं. आश्लेषा रोज त्याच्याकडे डबा पाठवायची, म्हणजे मीच घेऊन जायचो. तो भात खायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

जानेवारीत मुलाखत झाली. इतिहासाचे प्रश्न वीस मिनिटांत संपले. मग अधिकाऱ्याने कागदावरचं वाचून विचारलं, अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? मी म्हणालो, नाही. बाहेर पडल्या पडल्या मर्लचा फोन. पास झालो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मला ठाऊक होतं.

मार्चमध्ये तो गेला. चुना पसरायचे दिवस यायच्या आत.

दफनानंतर गावच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या सभागृहात, जेवण होतं. शंभरेक माणसं असतील. ज्याला दोन शब्द बोलायचे तो उभा राहत होता. क्लबचा अध्यक्ष उठला. गेल्या नोव्हेंबरात काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला. आजाराने त्याच्या डोक्यावर परिणाम केला होता. शिकारीची पासष्ट वर्षं एका बाजूला आणि एक सकाळ एका बाजूला. आम्ही मर्लला माफ केलंय, आणि त्याचं नाव आम्ही पाटीवर परत लावतोय. सगळ्या हॉलने माना डोलावल्या. पुढच्या टेबलावर बसलेल्या डार्लीनने रुमाल डोळ्यांना लावला आणि बापाच्या वतीने त्या सगळ्यांचे आभार मानले.

तिसऱ्या रांगेत ती वॉर्डन बसली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि वळलेलीच राहिली.

मी उठलो. सगळे शांत झाले. मी शेजारी आहे हे त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, मर्लने मला माती तपासायला शिकवलं. जमीन आंबट असेल तर वर काहीही पेरा, धरत नाही, आधी चुना घालावा लागतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. तो फार चांगला माणूस होता. एवढं बोललो आणि खाली बसलो. लोकांना आवडलं. एका म्हाताऱ्याने मागून खांदा थोपटला. आश्लेषा समोरच्या बशीकडे पाहत राहिली.

पुढच्या शुक्रवारी मी उजवा हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. आता मला कोणी घालवून देणार नाही. वॉर्डनला फोन केला तर फार तर दंड होईल. क्लबात जाऊन सांगितलं तर चार माणसं तोंड फिरवतील. डार्लीनचा नंबर माझ्याकडे आहे. गेले दोन महिने मी रोज यातलं एक काहीतरी करायचं ठरवतो. त्याऐवजी काल रात्रीचं जेवण झाल्यावर हे लिहायला बसलो, आणि मराठीत बसलो. त्या फायर हॉलमधल्या एकालाही हे वाचता येणार नाही, हे मला पहिल्या ओळीलाच माहीत होतं.